पक्ष्यांचं वेळापत्रक आणि आमची सहल

शिक्षक मित्रांनो, सहलीची तारीख आपण कशी ठरवतो? सहामाही परीक्षा झाली, दिवाळीची सुट्टी संपली, एसटीची सवलतीची बस मिळाली, की डिसेंबरातला एखादा शनिवार धरायचा. मीही तसंच केलं आणि फसलो.

आमची शाळा बीड जिल्ह्यात. परिसर अभ्यासात ‘स्थलांतर’ शिकवताना मुलांना रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, प्रत्यक्ष दाखवायचे असं मनात आलं. ठिकाण ठरलं भिगवणजवळचं कुंभारगाव. भीमा नदीवरच्या उजनी धरणाचा फुगवटा तिथपर्यंत येतो आणि गावातले होडीवाले बोट सफारी करवतात. पालकांनी पैसे साठवून दिले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पहाटे तीनला निघालो.

तिथे पाहतो तर सगळीकडे पाणीच पाणी! बगळे दिसले, पाणकावळे दिसले, पण रोहित एकही नाही. होडीवाले काका हसून म्हणाले, “गुरुजी, यंदा धरण तुडुंब हाय. पाणी उतरल्याबिगर ते येत नाहीत. एक फोन करायचा ना!” मुलांचे चेहरे पाहवेनात.

चूक माझीच होती. रोहित पक्षी लांब पायांवर उथळ पाण्यात उभा राहतो, मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाण्यातून शेवाळ नि बारीक जीव गाळून खातो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं. पुढे शेतीला पाणी सुटतं, पातळी उतरते, काठचा चिखल उघडा पडतो आणि मग त्याचं ताट वाढलं जातं. म्हणून बहुतेक वर्षी जानेवारी ते मार्च हा काळ चांगला. पाऊस कमी झाला तर उथळ पाणी लवकर मिळतं. म्हणजे तारीख कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून ठरवायची.

त्या सहलीला माझ्या वर्गातली सहा मुलंही नव्हती. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. दरवर्षीच जातात. हजेरीपटावर मी त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ असं लिहितो. वर्गात तोच शब्द पक्ष्यांसाठी शिकवताना मात्र मला त्यांची आठवण झाली नव्हती.

एप्रिलमध्ये पट्टा पडला आणि मुलं परत आली. चौथीतली एक मुलगी भिंतीवरच्या रोहितच्या चित्रापुढे उभी राहिली. “सर, हे तर आमच्या कोपीपासून दिसायचे.” मी विचारलं, “कुठं होती गं टोळी?” तर उजनीच्या काठालाच! म्हणाली, “आम्ही गेलो तवा नव्हते. संक्रांत झाली, पाणी मागं सरलं, मग आले. सकाळी लई असत्यात. माणूस जवळ गेला की उडत्यात, तवा पंख खालून लाल दिसत्यात.”

पुस्तक न उघडता तिने मला अख्खा पाठ सांगितला होता. त्या दिवशी फळ्यावर तक्ता तिनेच भरला: महिना, पाणी, पक्षी, आम्ही.

पुढच्या वर्षी सहल फेब्रुवारीत ठेवली. आठ दिवस आधी होडीवाल्या काकांना फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारलं. मुलांना भडक कपडे घालू नका असं सांगितलं. प्रत्येकाला लाइफ जॅकेट दिलं. होडी लांबच थांबवली, इंजिन बंद केलं, आरडाओरडा नाही. मुकादमाला फोन लावून त्या सहा मुलांना काठावर आणायची विनंतीही केली. दोघंच येऊ शकली, त्यात ती मुलगी होती. बाकीच्यांच्या टोळ्या दुसऱ्या कारखान्याच्या भागात गेल्या होत्या.

समोर शेकडो रोहित होते. ती इतर मुलांना बोट दाखवून सांगत होती, “ती करडी आहेत ना, ती पिल्लं. अजून रंग यायचाय.” मी गप्प ऐकत होतो.

परतल्यावर आम्ही नकाशावर दोन रेघा ओढल्या. कच्छच्या रणात रोहित घरटी करतात, म्हणून एक रेघ कच्छपासून उजनीपर्यंत. दुसरी आमच्या गावापासून उजनीपर्यंत. एका मुलाने विचारलं, “सर, पक्षी पिल्लांना घेऊन येतात, तसंच हे पण ना?” मी म्हटलं, “हो. पण पक्ष्यांची शाळा बुडत नाही.”

पालकहो, तुमचं मूल हंगामात बाहेर जात असेल तर ते तिथे काय पाहतं ते परतल्यावर जरूर विचारा आणि आम्हालाही सांगा. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मुलाला मागे ठेवायचाही विचार करा. आणि शिक्षक मित्रांनो, यंदाची सहल ठरवताना आधी पाणी विचारा. मग हजेरीपट उघडून बघा, त्या तारखेला कोण कोण नसेल.