उचंत खाते

हिशेब लिहिणाऱ्या माणसाविषयी जगाचे मत फारसे बरे नाही. कवीने वही उघडली, तर भोवतालची माणसे आदराने गप्प बसतात. आम्ही वही उघडली, की तीच माणसे काहीतरी काम काढून उठून जातात. आकड्यांत रमणारा तो अंतःकरणाने कोरडा, असे समीकरण कोणी केव्हा मांडले, कोण जाणे! आम्हांला विचाराल, तर जमाखर्चाइतकी माणसांची आठवण ठेवणारी दुसरी विद्या आम्ही पाहिलेली नाही. मात्र तो जमाखर्च दुहेरी नोंदीचा हवा.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण असे, की आमचा दिवस एकेरी नोंदीत जातो. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात देयके तपासणे हा आमचा पोटाचा उद्योग. बदलीने कोलकात्यास येऊन सहा वर्षे झाली. सरकारचा हिशेब मुख्यत्वे रोखीचा. पैसा आला, लिहिला. पैसा गेला, लिहिला. या वर्षी बांधलेली इमारत याच वर्षी खर्ची पडते. पुढे ती पन्नास वर्षे उन्हापावसात उभी राहिली, तरी तिची झीज कोणी मोजीत नाही. ही रीत सुधारण्याचा विचार करण्यासाठी शासकीय लेखामानकांचे एक सल्लागार मंडळ २००२ साली स्थापन झाले. आमच्या मेजावर अजून तरी जुनेच राज्य आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. इतक्या मोठ्या प्रपंचाला सोपा हिशेबच बरा. स्वतःच्या लहानशा प्रपंचाला मात्र आम्ही दुहेरी नोंद लावली आहे, आणि ती आम्हांला वारशाने आली आहे.

आमचे वडील सांगलीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. लाल कापडाची लांबट वही, पानाच्या माथ्यावर 'श्री', आखण्याऐवजी कागदाला घड्या घालून पाडलेले रकाने; डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. (इंग्रजी पद्धतीत हे नेमके उलट, नावे डावीकडे. त्यामुळे वाणिज्य शाखेतील आमचा पहिला महिना आरशासमोर उभे राहून दाढी करावी तसा गेला.) शेतकरी हळद घेऊन येई, सौदा होई, व्यापारी माल उचली, आणि पैसा मात्र अजून कोणाच्याच हातात पडलेला नसे. तरी सायंकाळी रोजकीर्दीत शेतकऱ्याच्या खाती रक्कम जमा होई आणि तीच व्यापाऱ्याच्या नावे पडे. आम्ही शेजारी बसून आकडे सांगत असू. घाईघाईने आधी रक्कम सांगू लागलो, की ते लेखणी उचलून धरीत. "कोणाच्या नावे, ते आधी सांग. रक्कम मग."

आमच्या मते सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पण घरच्या माणसाच्या बोलण्याला वजन येण्यासाठी बाहेरचा दाखला लागतो, म्हणून व्हेनिसला जाऊ. तेथे १४९४ साली लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूचा 'सुम्मा' हा गणिताचा प्रचंड ग्रंथ छापला गेला आणि त्यातील एका प्रकरणात त्याने व्यापाऱ्यांची हिशेबाची रीत सांगितली. ही रीत त्याने शोधून काढली नव्हती. जेनोवा नगरीच्या कारभाराच्या १३४० सालच्या वह्या दुहेरी नोंदीच्याच आहेत. व्हेनिसचे व्यापारी जे करीत होते, ते त्याने नीट मांडले, इतकेच. एका संन्याशाने हे काम करावे याचे पुष्कळांना नवल वाटते. आम्हांला वाटत नाही. ज्याचे स्वतःचे काही देणेघेणे उरले नाही, त्यालाच दुसऱ्याचे स्पष्ट दिसणार. पुढे लिओनार्दो दा विंचीने याच पाचोलीच्या दुसऱ्या ग्रंथासाठी आकृत्या काढून दिल्या आणि तो १५०९ साली निघाला. म्हणजे हिशेबनीसाला सौंदर्याचे वावडे असते, हेही खरे नव्हे.

पाचोलीच्या तीन वह्या. पहिलीत घडेल तसे टिपायचे, दुसरीत ते रोजकीर्दीच्या भाषेत मांडायचे, तिसरीत खतावायचे. पण आरंभी व्यापाऱ्याने आपल्याजवळ जे जे आहे त्याची यादी करायची: रोकड, दागिने, चांदीची भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूणसुद्धा. आणि मग येते ती आमची सर्वांत आवडती नोंद. ही सगळी मालमत्ता एका बाजूला लिहून दुसऱ्या बाजूला 'भांडवल' खाती जमा करायची. म्हणजे दुकान हे दुकानाच्या मालकाचेच देणेकरी! गल्ल्यावर बसलेला गृहस्थ आणि ज्याचे पैसे त्या गल्ल्यात आहेत तो गृहस्थ, हे दोघे वहीत निरनिराळे. आम्ही स्वतःला एकवचनात का लिहीत नाही, असे आमच्या सौभाग्यवती अधूनमधून विचारतात. त्याचे उत्तर बहुधा येथेच कोठेतरी आहे.

आता घरच्या वहीकडे येतो. पगार झाला, की आम्ही सांगलीस ठरावीक रक्कम पाठवतो. तेथे आई आहे, थोरले बंधू, वहिनी आणि त्यांची मुले आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे महिन्याचे पहिले काम हेच असेल. बँक खात्यातून पैसे गेले, म्हणून बँक जमा. आणि नावे कोणाच्या? एकेरी हिशेबवाला 'घरी पाठवले' असे लिहून मोकळा होतो. दुहेरीवाल्याला ती सोय नाही.

खर्च म्हणावा, तर खर्च वर्षअखेर नफातोट्याच्या खात्यात जाऊन संपतो, दुसऱ्या वर्षी त्याचे नावही उरत नाही. मनाला ते पटत नाही. कर्जाची फेड म्हणावी, तर मूळ कर्ज किती, हे कोठे लिहिलेले आहे? भेट म्हणावी, तर आईला भेट देणारे आम्ही कोण! ठेव म्हणावी, तर पुढे वाटणीच्या वेळी आम्ही ती परत मागणार आहोत, असा अर्थ निघतो, आणि तो विचारही नको. तेव्हा पहिल्या वर्षापासून ती रक्कम आम्ही 'उचंत' खाती नावे टाकत आलो आहोत. पैसे कोठे गेले हे ठाऊक आहे, पण कोणत्या शीर्षाखाली हे ठरले नाही, अशा रकमांना बसायला ही ओसरी आहे. सरकारी लेख्यांतही तिला मान आहे. ८६५८ हा तिचा मुख्य शीर्ष-क्रमांक. उचंतातील रक्कम लवकर निकालात काढावी, असा सर्वत्र दंडक असतो. आमची सहा वर्षे पुढे ओढली जात आहे.

गेल्या भाद्रपदात आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मिरजेच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आम्ही १,२०,००० रुपये पाठवले, १२ दिवसांची रजा काढून जाऊन आलो, आणि परत येऊन देयके तपासू लागलो. मार्गशीर्षात दादांचे टपाल आले. आत एक आखीव कागद. शस्त्रक्रिया व रुग्णालय ८६,५००, औषधे १४,२६०, व्यायामोपचार १२,०००, चालण्याचा आधार व गादी ४,१००, एकूण १,१६,८६०, शिल्लक ३,१४०. खाली एक ओळ: 'शिल्लक तुझ्या खात्यात भरली आहे, पाहून घे.' पावत्या क्रमाने टाचलेल्या. दिवाणजींच्या मुलाचा हिशेब; एका पैचा फरक काढता येणार नाही.

येथे तेरजेविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सगळ्या खात्यांच्या शिलका दोन बाजूंना मांडल्या आणि बेरजा सारख्या आल्या, म्हणजे हिशेब निर्दोष, असे सर्वसाधारण माणूस समजतो. तसे नाही. रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तरी तेरीज जुळते. दोन चुका एकमेकींना झाकून घेतात, तेव्हाही जुळते. आणि एखादा व्यवहार नावेला नाही नि जमेलाही नाही, असा समूळ लिहायचाच राहिला, तर ती सर्वांत सुरेख जुळते.

दूरध्वनीवर पुतण्याशी बोलताना, सहज त्याच्या तोंडून कळले, की नऊ आठवडे त्याची आई आजीच्या खाटेखाली जमिनीवर निजत होती, कारण रात्री तीनचार वेळा उठवावे लागे. वहिनी घरी शिवणकाम करतात. दिवाळीच्या आधीचा महिना हा त्यांचा हंगाम. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा त्यातच येतो. गेल्या दिवाळीला त्यांनी एकही कापड घेतले नव्हते. दादा दोन महिने दुपारीच दुकानातून घरी येत होते. तेथे आता हिशेब संगणकावर असतो, आणि राहिलेले काम ते रात्री पुरे करीत. त्या आखीव कागदावर यांपैकी काही नव्हते. त्याची पावती कोण देणार, आणि टाचणार कोणाला?

कोलकात्यात नवी वही बैशाखाच्या पहिल्या दिवशी उघडतात. त्या दिवशी दुकानदार लाल खातेवही देवळात नेऊन पुजून आणतात. मग 'हालखात्या'ला गिऱ्हाइकांना बोलावून मिठाई द्यायची आणि जुनी येणी गोडीने वसूल करायची. सांगलीच्या पेढीवर हे दिवाळीला होते, आणि सरकारात १ एप्रिलला. यंदा पहिल्या बैशाखाला आमच्या सौभाग्यवती कोपऱ्यावरच्या सराफाकडून संदेशाची पेटी आणि बंगाली पंचांग घेऊन आल्या, तेव्हा आम्ही वहीत नवे पान उघडून बसलो होतो.

लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे जमा, हा पहिला नियम. आई जशी दादांची तशी आमची. तेव्हा निदान निम्मा लाभ घेणारे आम्ही, याबद्दल वाद नाही. देणारे कोण, हेही उघड आहे. आम्ही माथ्यावर 'श्री' घालून 'सौ. वहिनींचे खाते' असे लिहिले, जमेच्या बाजूला तपशील लिहिला, 'भाद्रपद ते कार्तिक, नऊ आठवडे, रात्री, दिवाळीचा हंगाम.' समोरच्या पानावर आमच्या नावे तोच तपशील. उचंतात रक्कम ठाऊक असते, खाते सापडत नसते. येथे खाती दोन्ही सापडली होती. आम्ही शिकलो त्या पाठ्यपुस्तकात असल्या नोंदीला नाव नाही.

सौभाग्यवतींनी पेटी खाली ठेवून वहीत डोकावून पाहिले. "आणि रक्कम हो?"

"मग," आम्ही म्हणालो.

"वहिनींना कळलं, तर रागावतील हं."

ते खरे आहे. दिवाळीच्या रजेचा अर्ज मात्र आम्ही आताच देऊन ठेवला आहे. मंजूर झाला, तर वही बरोबर नेऊ आणि वहीपूजनाच्या संध्याकाळी दादांच्या पुढे ठेवू. रकान्यात काय लिहायचे आणि सहा वर्षांचे ते उचंत कोठे वळते करायचे, ते त्यांनीच सांगावे. शेवटी दिवाणजींच्या शेजारी त्यांनी आमच्यापेक्षा बारा वर्षे अधिक काढली आहेत. आम्ही नुसते वाणिज्याचे पदवीधर.