खिडकीजवळची रांग

ऊर्जाबचतीचा नियम म्हटलं की बिल्डरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना आधी दिवाच आठवतो. ‘एलईडी लावलेत ना? मग झालं की.’ हे इतक्या साइटवर ऐकलंय की आता मी वाद घालत नाही. ड्रॉइंग उलगडतो आणि विचारतो, खिडकीजवळची रांग कुठल्या स्विचवर आहे? बहुतेकदा उत्तर नसतं. दिवे दारापासून सुरू होतात आणि वायरमनची शिडी जशी सरकली तसे लूप होत खिडकीपर्यंत पोचतात. मग भर दुपारी टेबलावर ऊन आलेलं असतं आणि डोक्यावर दिवेही जळत असतात. ते बंद करावेत, तर त्याच स्विचवरचा आतल्या कोपऱ्यातला अकाउंटंट अंधारात जातो.

मी पुण्यात विद्युत ठेकेदारी करतो. परवाना, सुपरवायझर, वायरमन, मेगर आणि महावितरणला द्यायचा टेस्ट रिपोर्ट, एवढ्यात आमची दुनिया वर्षानुवर्षं मावत होती. शॉक लागता कामा नये, आग लागता कामा नये आणि बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे, एवढंच आम्हाला शिकवलेलं. भारनियमनाच्या काळात तर दिवा लागणं हीच मोठी गोष्ट होती. इन्व्हर्टरवर किती पॉइंट घेता येतील, यापलीकडे गिऱ्हाईक काही विचारत नसे. दिवा बंद कसा व्हावा, हा प्रश्न आमच्या धंद्यात कायद्याने आणला.

कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. २००१चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्याखाली उभा राहिलेला ब्युरो, २००७ची इमारतींसाठीची संहिता आणि २०१७ची तिची नवी आवृत्ती. साइटवर तिला सगळे ईसीबीसीच म्हणतात. जोडभार १०० किलोवॉट किंवा करारातली मागणी १२० केव्हीए झाली, की व्यापारी इमारत तिच्या कक्षेत येते. २०२२च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही तिथे आणण्याची वाट मोकळी झाली. आपल्या राज्यात हे काम महाऊर्जा पाहते. संहितेत भिंती, काचा, छत, एसी असं बरंच आहे, पण ते दुसऱ्यांचं. माझ्या वाट्याला प्रकाश आणि वीज ही दोन प्रकरणं येतात.

प्रकाशाच्या प्रकरणात लोकांच्या नजरेत भरतो तो वॉटचा आकडा. कार्यालयाच्या इमारतीला दर चौरस मीटरमागे साडेनऊ वॉट. चाळीस वॉटची जाड ट्यूब आणि वर तांब्याच्या चोकचे बारा-पंधरा वॉट, अशा जमान्यात हा आकडा घाम फोडणारा होता. आज बऱ्यापैकी एलईडी पॅनल घेऊन दिव्यांची मांडणी नीट केली, तर पाच-सहा वॉटमध्ये टेबलावर हवा तेवढा उजेड मिळतो. म्हणजे ज्याची सगळे चर्चा करतात ते कलम आता दुकानातच पूर्ण होऊन येतं. ठेकेदाराचं त्यात कर्तृत्व काही नाही.

कर्तृत्व लागतं ते सर्किट पाडताना. खिडकीचा उजेड जिथवर पोचतो तिथवरचे दिवे वेगळ्या नियंत्रणावर हवेत, असं संहिता सांगते. वाक्य साधं आहे, पण त्यासाठी दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर तोडाव्या लागतात, प्रत्येक रांगेला स्वतःची हाफ वायर, म्हणजे स्विचपासून दिव्यापर्यंतची तार, न्यावी लागते, आणि ती न्यायला पाइप हवा. पाइप पडतो स्लॅब भरायच्या आधी, सेंटरिंगवर सळ्या बांधलेल्या असताना, स्लॅबवाल्याचा मुकादम ‘आटपा, उद्या काँक्रीट येतंय’ म्हणून डोक्यावर उभा असताना. संहितेची फाइल मात्र उघडते इमारत पूर्ण झाल्यावर, दाखल्याच्या वेळी. तोवर भिंत गुळगुळीत झालेली असते, रंगाचा दुसरा हात बसलेला असतो आणि झिरी मारायला कोणी हात लावू देत नाही. म्हणून ऊर्जाबचतीची पहिली बैठक स्लॅबच्या आधी व्हावी, असा माझा हट्ट असतो. त्या बैठकीला आर्किटेक्ट येतात, एसीवाले येतात, इंटिरिअरवाले मात्र तेव्हा नेमलेलेच नसतात. मग टेबलं कुठे येणार हे ठाऊक नसताना दिव्यांच्या रांगा ठरवायच्या. यावर मला अजून चांगला तोडगा सापडलेला नाही. जास्तीचे पाइप टाकून ठेवतो आणि त्याचे पैसे मागताना आवाज जरा खाली घेतो.

माझा जुना वायरमन अशा ड्रॉइंगकडे बघून म्हणाला होता, “साहेब, एका हॉलला सहा सर्किट? लग्नाचा मांडव हाय का?” त्याला हॉलमध्ये उभं करून दुपारचं ऊन कुठवर येतं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून विचारलं, “मग पश्चिमेकडच्या दोन रांगा येगळ्या का नको?” प्रश्न बरोबर होता. पश्चिमेला संध्याकाळी लोक पडदे ओढून घेतात, तेव्हा सूर्य असूनही दिवे लागतातच. त्या रांगा आम्ही वेगळ्या केल्या.

यानंतर सेन्सर. मोठ्या इमारतीत छोट्या बंदिस्त खोल्या, मीटिंग रूम, स्वच्छतागृहं इथे माणसाची चाहूल घेणारा सेन्सर लागतो आणि माणूस गेल्यावर पंधरा मिनिटांच्या आत दिवा बंद व्हावा लागतो. कॅटलॉगमध्ये सेन्सर म्हणजे छतावरची गोंडस पांढरी टिकली. प्रत्यक्षात ती महा-लहरी वस्तू आहे. साधा पीआयआर सेन्सर उष्णतेची हालचाल बघतो, माणूस बघत नाही. समोरून आडवं गेलात तर त्याला लगेच कळतं, सरळ त्याच्या दिशेने आलात तर उशिरा कळतं, आणि खुर्चीत हलला नाहीत तर तुम्ही त्याच्या लेखी खोलीत नाहीच. ताळेबंदात डोकं घालून बसलेला माणूस दर थोड्या वेळाने हवेत हात हलवताना दिसला, की ओळखावं, सेन्सर डोक्यामागे लागलाय. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. त्यामुळे काचेच्या केबिनसाठी सेन्सर पॅसेजमध्ये लावणं फुकट. एसीच्या झोताखाली लावलात तर रिकाम्या खोलीत दिवाळी. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर एकच पीआयआर लावला, तर आतल्या कप्प्यातल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. तिथे आवाजाच्या लहरींवर चालणारा किंवा दोन्ही तंत्रांचा सेन्सर घ्यावा. खर्च वाढतो, शिव्या वाचतात.

याहून छुपी भानगड सेन्सरच्या पोटातल्या रिलेची. डब्यावर दहा अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते साध्या भाराला. एलईडीचा ड्रायव्हर चालू होताना क्षणभर जो करंट ओढतो तो नेहमीच्या कितीतरी पट असतो. एका सेन्सरवर तीस-चाळीस दिवे टांगले की काही महिन्यांत त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि दिवे कायमचे चालू राहतात. कोणी तक्रार करत नाही, कारण उजेडाची तक्रार कोण करणार? म्हणून मी सेन्सरकडून फक्त काँटॅक्टरला हुकूम देववतो, भार काँटॅक्टर उचलतो. स्विचबोर्डात न्यूट्रलही आणून ठेवतो. जुन्या पद्धतीत बोर्डात फेज आणि हाफ एवढंच असायचं, आणि बरेच सेन्सर न्यूट्रलशिवाय चालत नाहीत.

बाहेरच्या दिव्यांना फोटोसेल लावा, नाहीतर सूर्योदय-सूर्यास्ताचं गणित पोटात असलेलं घड्याळ लावा. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास दिवेलागण, जुलैत सव्वासातपर्यंत ढळता उजेड. साध्या टायमरवर एवढा फरक कोणी हाताने बदलत बसत नाही. फोटोसेलची खोड अशी की पावसाळ्यात दुपारी आभाळ दाटलं की तो पार्किंगचे दिवे लावतो. मे महिन्यात सेट केलेला खिडकीजवळचा उजेड मोजणारा सेन्सरही जुलैत बिथरतो. पहिला पावसाळा पाहिल्याशिवाय त्याची सेटिंग पूर्ण झाली असं मी मानत नाही.

विजेच्या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडणारं कलम कोणाच्या नजरेत येत नाही. वितरणातली गळती एकूण वापराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि संहितेतल्याच अधिक कडक अशा वरच्या दोन श्रेणींसाठी अनुक्रमे दोन आणि एक टक्का. आम्ही केबल निवडतो ती जळू नये म्हणून. हे कलम विचारतं, जळत नाही हे ठीक, पण ती तापते किती? साठ मीटरवरच्या पॅनलला शंभर अँपिअर न्यायचे, तर ५० स्क्वेअरची अॅल्युमिनिअम केबल सुरक्षितपणे चालते. पण भरल्या भाराला ती वाटेतच साधारण १४०० वॉट उष्णता म्हणून सांडते. ९५ स्क्वेअर घेतली तर हेच ७००च्या घरात येतं. पैसे एकदा जास्त जातात आणि बचत रोजची. पण पैसे बिल्डरचे आणि बचत भाडेकरूची, इथे गाडं अडतं. यावर मी एक स्वस्त उपाय करतो, पॅनल रूमच भाराच्या मध्यावर ओढून आणतो. केबल निम्मी, तर गळतीही निम्मी. त्यासाठी आर्किटेक्टशी कोपऱ्यातल्या एका खोलीवरून भांडावं लागतं. वास्तुशास्त्रवाले मध्ये आले तर भांडण तिरंगी होतं.

पॉवर फॅक्टर ०.९७ ठेवण्याचं कलम मात्र आपोआप पाळलं जातं. उच्चदाब ग्राहकांची बिलं केव्हीएएचवर आल्यापासून पॉवर फॅक्टर घसरला की बिल फुगतं, म्हणून मालकच रोज आकडा विचारतात. फक्त स्वस्त ड्रायव्हरचे दिवे भरले की हार्मोनिक वाढतात, न्यूट्रल गरम होतो, आणि अशा ठिकाणी नुसते कपॅसिटर वाढवणं म्हणजे आगीत तेल. रिॲक्टर हवा.

शेवटी कागद. सगळी कलमं टिकमार्क होतात, दाखला मिळतो, फुलांच्या माळा लागतात. त्यानंतरचा महिना मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझ्या कोटेशनमध्ये आता ‘लोक राहायला आल्यावरची जुळवाजुळव’ अशी एक ओळ असते. दर कमी करायला सांगितलं की पहिली कात्री तिलाच लागते. मी ती पुन्हा घालतो, आणि रविवार रात्रीच्या मीटर रीडिंगचा आलेख दाखवतो. ऑफिस बंद, माणूस नाही, तरी इमारत किती ओढते? तो आलेख बघताना मालकांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

एका आयटी ऑफिसात असाच एक मजला पहाटे साडेपाचपासून पूर्ण भाराने चालू दिसायचा. सेन्सर धड, टायमर धड. शोधत गेलो तर झाडूपोछा करणाऱ्या बायका बायपासचा स्विच टाकत होत्या. टेबलांखाली वाकलेलं माणूस सेन्सरला दिसेना, दर थोड्या वेळाने अंधार होई, म्हणून सिक्युरिटीने त्यांना बायपासची किल्लीच देऊन टाकली होती. फॅसिलिटीवाले बायपासला सील ठोकायला निघाले होते. मी म्हटलं, आधी त्यांना विचारू.

त्यांच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “सगळे दिवे नकोच आम्हाला, दादा. एकाआड एक लागले तरी पुरे. पण दोन तास मिटू नयेत.”

“बटण कुठं लावू?”

“बादल्या भरतो तिथं. दाराशी लावलंत तर वल्या हातानं एवढं लांब कोण येतंय?”

ओला हात म्हटल्यावर मी वॉटरप्रूफ पुशबटण काढलं, मागे कमी व्होल्टेजचं कंट्रोल आणि दोन तासांचा टायमर. पाइप मोकळा होता.