मॉन्टरेचा थंड समुद्र

अमरकोशात समुद्राची जी नावे दिली आहेत, त्यांत 'यादःपति' असे एक नाव आहे. यादस् म्हणजे जलचर प्राणी. त्यांचा तो स्वामी. हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करवून घेतला. परंतु ज्या प्रजेचा तो स्वामी, त्या प्रजेची खबर जवळून ऐकण्याचा योग मात्र सेवानिवृत्तीनंतर आला, आणि तोही पॅसिफिक महासागराच्या काठी.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहतात. तेथून दक्षिणेस सुमारे सत्तर मैलांवर मॉन्टरे हे गाव आहे. एके काळी सार्डिन मासे डब्यांत भरण्याच्या कारखान्यांनी ते गजबजलेले असे. जॉन स्टाइनबेक यांच्या १९४५ सालच्या 'कॅनरी रो' या कादंबरीने तेथील एक रस्ता जगास ठाऊक करून दिला. पुढे मासे आटले, कारखाने बंद पडले आणि त्यांच्या जागी उपाहारगृहे व दुकाने आली. चिरंजीव व सूनबाई यांना स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली विहार करण्याचा नाद आहे. गेल्या मे महिन्यात एका शनिवार-रविवारी त्यांच्यासमवेत आम्ही उभयता तेथे गेलो.

मे महिना म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे उन्हाळा उभा राहील. पण तेथील पाणी जेमतेम १० ते १२ अंश सेल्सिअस! कारण असे की, या ऋतूत वायव्येचे वारे वाहतात. वारा व पृथ्वीचे भ्रमण यांच्या योगाने वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सारले जाते आणि त्याच्या जागी खोल समुद्रातील गार पाणी वर येते. त्या पाण्याबरोबर पोषक क्षारही येतात. म्हणूनच येथील समुद्र जितका थंड, तितकाच जीवसृष्टीने समृद्ध आहे. पाणी अंगातील उष्णता हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने ओढून घेते. त्यावर उपाय म्हणून सात मिलिमीटर जाडीचा रबरासारखा पोशाख घालावा लागतो. ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने १९५० नंतरच्या एकदोन वर्षांत तो सिद्ध केला. पोशाखाच्या द्रव्यात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. तेच अंगाची ऊब राखतात. मात्र त्यांच्यामुळे मनुष्य तरंगू लागतो. म्हणून कमरेला शिशाची वजने बांधावयाची! हा सर्व भार अंगावर घेऊन, नावेचा आधार न घेता, वाळूवरून चालत समुद्रात शिरणे हा येथील प्रघात.

शनिवारी सॅन कार्लोस पुळणीवर, बंदराच्या दगडी बांधाशेजारी, मंडळी सज्ज झाली. लॉस एंजेलिसहून आलेला एक मित्र व त्याचा एक सोबती धरून चौघे. दोघादोघांच्या जोड्या ठरल्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराची टाकी, नळ्या, पट्टे हात लावून तपासले. पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून सर्व व्यवहार मुद्रांनी चालतो. अंगठा वर केला की आपण 'छान' समजतो. तेथे त्याचा अर्थ 'वर चला'. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हा अंगठा कुणीही, केव्हाही दाखवावा. दाखवला की सगळ्यांनी परत फिरायचं. का, ते विचारायचं नाही."

चाळीस मिनिटे आम्ही पाण्यावर उमटणारे बुडबुडे पाहत बसलो. मंडळी वर आली तेव्हा त्यांचे ओठ निळसर पडले होते. पण आमच्या कुटुंबाने थर्मासमध्ये आणलेला आल्याचा चहा पोटात जाताच सर्वांना वाचा फुटली. केल्प नावाच्या समुद्रशैवालाचे तेथे अरण्यच आहे. अनुकूल स्थितीत ते दिवसाला दीड-दोन फूट वाढते. पानांच्या बुडाशी वायूच्या लहान पिशव्या असतात, त्यांच्या बळावर ते उभे राहते. त्यातून सूर्यकिरण देवळाच्या गवाक्षातून यावेत तसे खाली झिरपतात. पलीकडे वाळूत पांढऱ्या समुद्रफुलांचे ताटवे. दिसतात फुलांसारखे, पण ते प्राणीच होत.

रविवारी कार्मेल गावाच्या दक्षिणेस असलेल्या पुळणीवर जाण्याचा बेत होता. समोरच्या टेकडीवर जोगिणींचा मठ असल्यामुळे तिला 'मोनास्टरी बीच' म्हणतात. येथे समुद्रतळाची खोल दरी अगदी किनाऱ्याजवळ येते. त्यामुळे पाण्याखालचे दृश्य अपूर्व. पण पुळण उभ्या उताराची, वाळू जाड व पायाखालून सरकणारी, आणि लाट अंगावर येते ती थेट काठाशी. पुष्कळांचे प्राण येथे गेले आहेत. बाहेर येताना उभे न राहता, तोंडातील हवेची नळी न काढता, रांगत वर येण्याची शिकवण येथे देतात.

चौघेही अर्धा तास नुसते लाटा मोजत उभे राहिले. काही लाटा सौम्य येत, मग अकस्मात तीन-चार उग्र. इतक्यात सूनबाईंनी वाळूवर उभ्या उभ्याच अंगठा वर केला. लॉस एंजेलिसच्या मित्राचा चेहरा उतरला; तो खास याच स्थळासाठी तीनशे मैल आला होता. चिरंजीवांचे मनही खट्टू झालेले आम्हांस दिसले. तथापि कोणी चकार शब्द काढला नाही. सामान मुकाट्याने गाडीत गेले. आमच्या कुटुंबाने हळूच हात जोडले, ते समुद्रास की सूनबाईंस, कोण जाणे!

वाटेत आम्ही विचारले, "एवढी तयारी करून परतताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना, बाबा. पण लाटेत सापडल्यावर 'नको' म्हणण्यापेक्षा वाळूवर 'नको' म्हणणं सोपं."

दुपारी मॉन्टरेचे मत्स्यालय पाहिले. जुन्या कारखान्याच्या जागेवर १९८४ साली ते उघडले. तेथे २८ फूट उंचीच्या काचेआड जिवंत केल्पवन डोलते आहे. न भिजता यादःपतीची प्रजा पाहण्याची ही सोय आम्हां वृद्धांस फारच मानवली.

'साहस' हा शब्द मराठीत आज आपण गौरवाने वापरतो. संस्कृतात मात्र त्याचा एक अर्थ अविचाराने केलेले कृत्य असा आहे. धैर्य हा गुण त्याहून निराळा. मॉन्टरेस आम्ही धैर्य पाहिले ते शनिवारी पाण्यात उतरताना, आणि त्याहून अधिक रविवारी परत फिरताना. आपल्या मालवणासही आता पुष्कळ तरुण मंडळी हौसेने समुद्राखाली उतरतात. तेथील पाणी उबदार आहे, आणि नवख्यांबरोबर जाणता पाणबुडा असतो. तरीही घरच्या वडील माणसांनी मुलांना जाऊ नका म्हणू नये. नकोसे वाटले तर अंगठा वर करण्यास लाजू नका, आणि दुसऱ्याने केला तर कारण विचारू नका, एवढे मात्र अवश्य सांगावे.