लिहून देता न येणारं काम

काम एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेऊन बसवणं हा माझा व्यवसाय. आमच्या क्षेत्रात त्याला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. इंग्लंडमधल्या विमा कंपनीचे दावे असोत, अमेरिकेतल्या रुग्णालयाची बिलं असोत किंवा जर्मनीतल्या कारखान्याच्या पुरवठादारांची देणी. तिथे ते काम करणाऱ्यांकडून ते शिकून घ्यायचं, पायरी-पायरीने लिहून काढायचं आणि ठरलेल्या तारखेला पुण्यातल्या मुलामुलींच्या हाती सोपवायचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी या क्षेत्रात आले. तेव्हापासून आउटसोर्सिंगबद्दल दोन सूर सतत कानावर पडतात. इंटरनेटने जग सपाट केलं, आता कुणीही कुठूनही काम करू शकतो, हा एक. आपण नुसते सायबर हमाल, हा दुसरा. हे दोन्ही सूर लावणारे देशांबद्दल आणि पगारांबद्दल भरपूर बोलतात. कामाच्या आत काय असतं याबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात एका जुन्या प्रश्नापासून करते. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने 1937 साली ‘द नेचर ऑफ द फर्म’ या निबंधात विचारलं होतं, की बाजारात सगळं विकत मिळतं, तर मग कंपन्या असतातच कशाला? त्याचं उत्तर साधं होतं. बाहेरून काम करून घ्यायचं तर माणूस शोधावा लागतो, भाव ठरवावा लागतो, करार करावा लागतो, लक्ष ठेवावं लागतं. या सगळ्याला खर्च येतो. तो खर्च घरात काम करून घेण्यापेक्षा जास्त असेल तर काम घरात राहतं. कमी झाला की बाहेर जातं. कित्येक दशकं ‘बाहेर’ म्हणजे त्याच शहरात, फार तर त्याच देशात. कॅन्टीन, पहारा, पगारपत्रकं एवढंच बाहेर जायचं. इंटरनेटने हा खर्च इतका खाली आणला की ‘बाहेर’ची हद्द थेट पुण्यातल्या हिंजवडीपर्यंत येऊन पोचली.

हे एका रात्रीत झालं नाही. कुठलं काम कधी आलं हे तारेने ठरवलं. 1973 मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झालं, तेव्हा प्रोग्राम टेपवर जायचे आणि बहुतेक वेळा प्रोग्राम लिहिणारा माणूसच विमानात बसून जायचा. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळूरला आली आणि तिने स्वतःचा उपग्रह दुवा घेतला. पुढे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले. त्यांतल्या पहिल्या तिनांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर आपलं पुणं होतं. 64 केबीपीएसचा दुवा मिळाला तरी कंपनीत पेढे वाटावेत असे ते दिवस. पण भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, मग उत्तर वर जाऊन खाली यायचं, त्यात अर्धा सेकंद निघून जायचा. फाइल पाठवायला ते चालतं. संभाषणात मात्र दोघंही एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात. म्हणून आधी आलं ते न बोलता करायचं काम. स्विसएअरने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत हिशेबाचं केंद्र काढलं, 1996 मध्ये ब्रिटिश एअरवेजने. विकलेल्या तिकिटांचा हिशेब लावायचा, कुणाशी बोलायचं नाही, आजचं काम उद्या झालं तरी विमान उडतंच.

1997 मध्ये फ्लॅग ही समुद्राखालची केबल मुंबईला लागली, त्यानंतर आणखी आल्या. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांना कल्पनाही नसते, की पायाखालच्या वाळूतून देशाचा केवढा तरी व्यवहार ये-जा करतो आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे लंडनला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा लागू लागला. एप्रिल 2002 मध्ये परदेशी कॉलवरची व्हीएसएनएल या कंपनीची मक्तेदारी संपली आणि दर कोसळले. आता बोलणंही तारेवरून नेता येत होतं. कॉल सेंटरं उभी राहिली, रात्री कॅब धावू लागल्या, लातूर-जळगावची मुलं मॅंचेस्टरच्या पावसाबद्दल बोलू लागली.

हे जाळं किती चिंचोळ्या वाटांवरून जातं ते 30 जानेवारी 2008 ला कळलं. अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी 4 या दोन्ही केबल तुटल्या. भारताची परदेशी क्षमता एका दिवसात सुमारे निम्म्यावर आली. आमच्या मजल्यावर लंडनच्या सर्व्हरवरची स्क्रीन उघडलेली होती. अक्षर टाइप केलं की ते उमटायला वेळ लागत होता. वाहतूक पॅसिफिकच्या वाटेने वळवेपर्यंत मुलांनी फोनवर ऐकलेली माहिती कागदावर उतरवून घेतली आणि रात्री उशिरा सिस्टीममध्ये भरली. एसओपीत, म्हणजे आम्ही लिहिलेल्या कार्यपद्धतीत, ही सोय कुठेच नव्हती. ती त्या मजल्यावरच्या माणसांनी तिथल्या तिथे काढली.

कागदावर नसलेल्या या कामाचा धागा पुढे न्यायचा आहे. माझ्या कामाचा गाभा म्हणजे केटी, नॉलेज ट्रान्सफर. त्याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत. आधी जुनी व्यक्ती काम करते, आपण शेजारी बसून बघायचं. मग आपण करायचं आणि तिने बघायचं. मग सही, गो-लाइव्ह. जिचं काम जाणार असतं तिला शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्यासाठी वेगळे पैसे देतात. उत्तर इंग्लंडमधल्या एका गावी अशीच मी एका बाईंच्या शेजारी बसले होते. घरविम्याचे दावे तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. त्यांच्या जागेचं काय होणार हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. तरीही त्यांनी एक गोष्टही हातची राखून ठेवली नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही मोठा आदर आहे.

थंडीत पाइप गोठून फुटतात आणि घरात पाणी होतं, त्याचे दावे चालले होते. घर सलग 30 दिवस रिकामं असेल तर भरपाई नाही, अशी अट तिथल्या अनेक पॉलिसींत असते. घर रिकामं होतं का, हो की नाही, हा एसओपीतला आमचा रकाना. एका वृद्धेच्या फाइलीत गॅसचा वापर जवळजवळ शून्य दिसत होता. नियमाने ती फाइल ‘संशयित’मध्ये जाणार. बाईंनी फोन उचलला आणि त्या वृद्धेला विचारलं, “रात्री झोपता कुठे?” उत्तर आलं, स्वयंपाकघरात. तेवढ्याच खोलीत छोटा विजेचा हीटर होता. बाकीचं घर गॅसचं बिल परवडत नाही म्हणून गारठलेलं. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता. दावा खरा होता, आणि पाच मिनिटांत मंजूर झाला.

हा प्रश्न विचारायचं तुम्हाला कसं सुचलं, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. इतकी वर्षं अशा बायकांशी बोलते आहे, एवढंच म्हणाल्या. मी तो प्रश्न एसओपीत लिहून घेतला. पण प्रश्न लिहून घेतला म्हणजे तो कधी विचारायचा याची जाण लिहून घेतली असं होत नाही.

प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी 2006 मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’मध्ये या विषयावर गाजलेला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की यापुढे महत्त्वाची रेघ शिकलेल्यांच्या आणि न शिकलेल्यांच्या कामात राहणार नाही. जी सेवा दर्जा न घसरता तारेवरून देता येते ती एकीकडे आणि जिला माणूस समोर लागतो ती दुसरीकडे, अशी वाटणी होईल. त्यांची दृष्टी पुष्कळ खरी ठरली. पण इतकी वर्षं कामं हलवल्यावर मी म्हणेन, की ही रेघ दोन कामांच्या मधून जात नाही. ती प्रत्येक कामाच्या आतून जाते. दावे तपासण्याच्या त्या एकाच कामात मोठा भाग लिहून देता येणारा होता आणि लहानसा भाग न देता येणारा. पुण्याला आला तो पहिला भाग. दुसरा त्या बाईंबरोबर निवृत्त झाला.

मग पुण्यात काय झालं? दुसरा भाग पुण्यातही पुन्हा उगवला, आणि मला या क्षेत्राबद्दल सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा. ज्या मुलीने उभ्या जन्मात नळाचं पाणी गोठलेलं पाहिलं नव्हतं, तिने तीन-चार हिवाळे त्या फोनवर काढले आणि आवाजावरून ओळखायला लागली की समोरची बाई घरात एकटी आहे, थंडीत आहे आणि पैशाचं सांगायला लाजते आहे. ती तिला बोलू द्यायची. त्यात कॉलची ठरलेली मिनिटं उलटायची आणि महिन्याच्या तक्त्यात तिचा आकडा लाल दिसायचा. करारात प्रत्येक कॉल किती वेळात संपला याची मोजणी होती. खऱ्या दावेदाराला न्याय मिळाला का, याची नव्हती. जे मोजलं जातं त्याचेच पैसे मिळतात. म्हणून आमच्याकडचं सर्वांत मोलाचं कसब वर्षानुवर्षं फुकटात दिलं गेलं आणि वर त्याबद्दल दंडही बसला.

तिकडे, इंग्लंडमध्ये, वेगळंच घडत होतं. सुरुवातीची, कंटाळवाणी कामं पुण्याला दिली, कौशल्याची कामं स्वतःकडे ठेवली, असं कंपनीने ठरवलं होतं. कागदावर ते शहाणपणाचं होतं. पण कौशल्याची माणसं तयार होत होती ती त्याच कंटाळवाण्या कामातून. विशीतली कारकून फाइली उपसता उपसता पन्नाशीत जाणकार होत असे. खालची पायरी काढून घेतल्यावर वर चढून येणारं कुणी उरलं नाही. जुनी माणसं निवृत्त झाली आणि एक दिवस तिकडूनच पुण्याला विचारणा आली, की हा नियम मुळात का आहे, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का? ज्यांचा नियम, त्यांना त्याचं कारण ठाऊक नव्हतं. ज्ञान कुणी पळवलं नव्हतं; ज्या कामातून ते तयार होतं ते काम हललं, आणि ज्ञान त्याच्या मागून गेलं.

परदेशी कंपन्या आज भारतात स्वतःची केंद्रं काढत आहेत, जीसीसी ज्यांना म्हणतात ती, त्यामागे स्वस्ताईबरोबर हेही कारण आहे. नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार अशी 1,700 हून अधिक केंद्रं देशात आहेत आणि त्यांत सुमारे 19 लाख लोक काम करतात. जाणकार माणसं आता इथे आहेत, म्हणून या कंपन्यांना इथे यावं लागतं.

आणि नेमक्या याच वेळी इंग्लंडवर आलेली वेळ आपल्या दाराशी आली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक क्लायंट एकच विचारतो, यातलं किती काम यंत्राला देता येईल? लिहून देता येणारं बरंचसं देता येईल. आम्ही एसओपी जितक्या नेमक्या लिहिल्या तितकं ते सोपं झालं आहे. दाव्यांची पहिली छाननी, बिलांची जुळणी, ठरावीक पत्रांना उत्तरं, ही कामं सॉफ्टवेअर करू लागलं आहे. व्यवस्थापक सांगतात, की अवघड फाइली आमची अनुभवी माणसं बघतील. इंग्लंडमधली कंपनी अगदी हेच म्हणत होती. अनुभवी माणसं आज आहेत, कारण त्यांनी विशीत सोप्या फाइली उपसल्या. आज नव्या मुलांची भरती थांबवली तर पंधरा वर्षांनी अवघड फाइल कुणापुढे ठेवणार?

यंत्राला माझा विरोध नाही. जुळणीच्या कामात डोळे फोडणाऱ्या मुलांची सुटका होत असेल तर मला आनंदच आहे. पण शिकण्याची पायरी शाबूत ठेवणं ही जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे, आणि ती आमच्या पिढीची आहे असं मी मानते. ज्या बैठकांत मी बसते तिथे मी तीन गोष्टींचा आग्रह धरते. यंत्र सोडवू शकत असलं तरी काही फाइली नव्या मुलांच्या हाती राहू द्याव्यात, आणि त्यांनी त्या जाणकाराच्या शेजारी बसून सोडवाव्यात. करारात निर्णय बरोबर ठरला की नाही याचं मोजमाप असावं, त्यासाठी लागणारी मिनिटं तोट्यात धरू नयेत. आणि दर वर्षी टूल बदलून मुलांना धावायला लावण्याऐवजी एका विषयात, मग तो विमा असो, औषधं असोत की जहाजवाहतूक, त्यांना मुरू द्यावं.

यंदा इंजिनिअरिंग किंवा कॉमर्स करून बाहेर पडणारी मुलं अनेक घरांत असतील. त्यांना मी हेच सांगते, की नोकरी निवडताना पॅकेजच्या आकड्याबरोबर तिथे शेजारी कोण बसणार आहे, हेही विचारा. आणि ज्यांच्या हाती नोकऱ्या देणं आहे त्यांना सांगते, की नव्या मुलांना शिकवण्यात आज जो नफा थोडा कमी होईल, तो होऊ द्या. जगाने आपल्याकडे काम पाठवलं ते स्वस्त म्हणून. ते आपल्याकडे टिकलं ते आपली माणसं त्या कामात जाणती झाली म्हणून. ती जाणती होण्याची सोय मोडली, तर काम परत न्यायला कुणाला फारसे कष्ट पडणार नाहीत.