खाडीच्या दोन काठांवरची यात्रा

१/
भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये दोन प्रकारचे प्रवासी असतात. एकाला चौक येथील धारावी किल्ल्याचे अवशेष पाहायचे असतात. दुसऱ्याला वेलंकनी मातेपुढे मेणबत्ती लावायची असते. दोघेही एकाच टापूत उतरतात, पण एकमेकांच्या वाटेला क्वचितच जातात. हा धागा दुसऱ्या प्रवाशाचा, श्रद्धेने निघालेल्या यात्रिकाचा आहे. मात्र पहिल्याला वगळून तो पूर्ण होत नाही.

२/
उत्तन, डोंगरी हा परिसर म्हणजे जुने धारावी बेट. (मुंबईतील धारावी निराळी.) २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश तहाने पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले आणि खाडीच्या दोन्ही काठांवर चर्चे उभी राहिली. किनाऱ्यावरच्या अनेक कोळी आणि शेतकरी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. याच समाजाने पुढे १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

३/
या इतिहासाला वेदनेची बाजूही आहे. मीरा-भाईंदरच्या दक्षिणेस, बोरिवलीतील मंडपेश्वर हे मूळचे शैव लेणे. सोळाव्या शतकात त्यातच प्रार्थनास्थळ झाले आणि वरती मठ-चर्च उभारले गेले. आज वरच्या भिंती भग्न आहेत आणि लेण्यात पुन्हा पूजा होते. प्रामाणिक यात्रिकाने येथे नजर चुकवू नये. आपल्याला पवित्र वाटणारी जागा दुसऱ्याच्या पवित्र जागेवर उभी होती, हे जाणणे हाही यात्रेचाच भाग आहे.

४/
खाडीच्या उत्तर काठावर वसईचा किल्ला. येथील जेझुइट चर्चचे दर्शनी भाग आणि फ्रान्सिस्कनांचे संत अँथनी चर्च आज छपराविना उभे आहे. या नगरीत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा पोर्तुगीज पित्याचा आणि स्थानिक मातेचा पुत्र. तो तरुणपणीच जपानला गेला, काही काळ व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रूसावर चढवण्यात आले. त्यांत तो होता. ८ जून १८६२ रोजी तो संत घोषित झाला. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

५/
मग आले १७३९ साल. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारे धारावीचे ठाणे मराठ्यांनी घेतले. त्यामुळे वसईची समुद्राकडील वाट आवळली गेली. चिमाजी अप्पांच्या सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर मे महिन्यात वसई जिंकली. उत्तनच्या चौकातून समोर दिसणारे पाणी म्हणजे त्या युद्धाची रणभूमीच होय.

६/
येथे एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: त्यानंतर चर्चेत जाणाऱ्यांचे काय झाले? पोर्तुगीज सैनिक, सरदार आणि युरोपीय धर्मगुरू निघून गेले. कोळी आणि शेतकरी गेले नाहीत. जाणार तरी कोठे? त्यांची होडी येथे, जाळे येथे, पूर्वजांची माती येथे. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्मपालनाची मुभा मिळाली. युरोपीय धर्मगुरूंची जागा गोव्याकडच्या एतद्देशीय धर्मगुरूंनी घेतली आणि मिस्सा चालू राहिली.

७/
बांद्र्याच्या मोतमाऊलीची कथाही त्याच काळातली. युद्धाच्या धामधुमीत तिची मूर्ती माहीमच्या संत मायकेल चर्चमध्ये हलवली गेली आणि १७६१ मध्ये परत आणण्यात आली. कोळ्यांच्या आख्यायिकेत मात्र ही मूर्ती समुद्रात तरंगत आली. इतिहासकार सन सांगतो, कोळी समुद्र सांगतो. ८ सप्टेंबरच्या सणानंतरच्या आठवड्यात बांद्र्याचा डोंगर चढणाऱ्या गर्दीत ख्रिस्तीच नव्हे, सर्व धर्मांचे लोक असतात; कोणी मेणाचे बाळ वाहतो, कोणी मेणाचे घर.

८/
उत्तनच्या वेलंकनी मातेचे मूळ स्थान दूर, तमिळनाडूच्या नागपट्टिनम जिल्ह्यात. वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी तेथे सुखरूप किनाऱ्याला लागले, अशी तिथली आख्यायिका. समुद्रावर पोट असणाऱ्या उत्तनकरांना अशी माता आपली वाटली, यात नवल नाही. प्रत्येकाला तमिळनाडूची वाट परवडत नाही. म्हणून भक्तीच तीर्थाला आपल्या किनाऱ्यावर घेऊन येते. पंढरीला जाऊ न शकणाऱ्याने गावात विठ्ठलमंदिर बांधावे, तसेच हे.

९/
आता दोन्ही काठ एकत्र पाहावेत. वसईतील भव्य चर्चे राजसत्तेच्या आश्रयाने उभी राहिली. सत्ता गेली, नगर ओस पडले, आणि छपरे कोसळली. ज्या गावांत उपासक घर सोडून गेले नाहीत, तेथे घंटा वाजत राहिली. इमारत दगडाने उभी राहते, तीर्थ मात्र येणाऱ्यांच्या पावलांनी टिकते.

१०/
आज चौक परिसरात चिमाजी अप्पांचा पुतळा आहे आणि जवळच वेलंकनी मातेचे स्थान. काहींना यात विसंगती दिसते. वास्तविक १७३९ चा विजय पोर्तुगीज सत्तेवरचा होता. उत्तनच्या कोळ्यावरचा नव्हता. मराठी बोलणारा, होडीवर क्रूस कोरणारा तो कोळी पराभूतांच्या यादीत घालणे हा इतिहासाचाही अपमान आहे.

११/
फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर आणि वसईदरम्यान रो-रो बोट सुरू झाली. जी खाडी ओलांडण्यासाठी एकेकाळी तोफा लागत, ती आता तिकीट काढून ओलांडता येते. किल्ला पाहायला जाणाऱ्याने थोडा वेळ छप्पर नसलेल्या चर्चमध्ये शांत उभे राहावे. मेणबत्ती लावायला जाणाऱ्याने थोडा वेळ बुरुजावर उभे राहावे. दोघांनाही समोर तीच खाडी दिसेल.