बोट सुटण्याआधीचे दोन दिवस

माझ्या लॅपटॉपवर ‘सिंगापूर_फायनल_३’ नावाची एक एक्सेल शीट अजून पडून आहे. दोन दिवस, चौदा ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणासमोर मिनिटं. मर्लायन २५ मिनिटं (फोटोसह). लिटिल इंडिया ७० मिनिटं (आईची घासाघीस धरून). पिवळ्या रंगात जेवण, हिरव्या रंगात मेट्रो. मास कॉमची अख्खी डिग्री संपली तरी मला वेळेचं नियोजन जमलं नव्हतं, ते त्या शीटमध्ये मात्र मी सॉलिड करून दाखवलं होतं.

त्या चौदापैकी आम्ही पाहिली चार. आणि जे ठिकाण आजही आमच्या घरी रोज जेवताना निघतं, ते शीटमध्ये नव्हतंच.

थोडं मागे जाते. बाबा मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये टॅली क्लार्क होते. म्हणजे बोटीतून उतरणारा आणि बोटीवर चढणारा माल मोजायचा, कागदावर चढवायचा आणि खाली सही करायची. ट्रस्टचं नाव आता बदलून मुंबई पोर्ट अथॉरिटी झालंय, पण आमच्या घरी ते अजूनही ‘बीपीटी’च. चौतीस वर्षं त्यांनी इंदिरा डॉकमध्ये काढली. बोटींवर शेकडो वेळा चढले असतील, पण हातात पॅड आणि पेन घेऊन. पॅसेंजर म्हणून एकदाही नाही. ते रिटायर झाले त्या दिवशीच मी ठरवलं, यांना एकदा क्रूझवर न्यायचंच. माझ्या पैशांनी.

‘माझ्या पैशांनी’ हा यातला खरा मुद्दा. मी फ्रीलान्सर आहे. बाबांच्या लेखी एक तारखेला पगार होत नाही त्याला नोकरी म्हणत नाहीत. मी काय करते असं कुणी विचारलं की ते म्हणतात, “लिहिते काहीतरी,” आणि लगेच समोरच्याला चहा विचारतात. त्यामुळे सुट्या सुट्या लेखांचे आणि दोन कंपन्यांच्या ब्रोशर्सचे पैसे साठवून मी तिघांचं बुकिंग केलं, तेव्हा हौसेपेक्षा दाखवून देण्याचाच भाग जास्त होता. सिंगापूरहून निघायचं, पेनांगला जाऊन परत, तीन रात्री. बाल्कनीवाली केबिन बजेटमध्ये बसत नव्हती, तरी घेतली.

माझा पहिला प्लॅन अजूनच भारी होता. रात्रीची फ्लाइट, साडेपाच तासांत चांगी, आणि त्याच दुपारी थेट बोट! हॉटेलचा खर्चच नाही. घरी मोठ्या ऐटीत सांगितलं. बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, “आणि विमान लेट झालं तर?”

“होत नाही हो बाबा.”

“बोट थांबत नाही,” ते म्हणाले. “बर्थ तासांच्या हिशोबाने दिलेला असतो. पायलट ठरलेला असतो. तुझ्यासाठी कोण थांबवणार?”

तिकिटाचे कागद नीट वाचले तर खरंच लिहिलं होतं, बोट सुटण्याच्या दीड तास आधी काउंटर बंद. मग मुकाट्याने लिटिल इंडियात दोन रात्रींचं हॉटेल घेतलं. आणि हॉटेलला पैसे मोजतोच आहोत तर ते वसूल झाले पाहिजेत, हा आपला मध्यमवर्गीय फंडा! त्यातून ती एक्सेल शीट जन्माला आली.

शीट तयार होत असताना बाबांनी एकच फर्माईश केली होती. “सिंगापूर हा शब्द मी आयुष्यात किती कागदांवर लिहिला असेल. तिथलं बंदर बघता येईल का?” मी गुगल केलं. तांजोंग पागारला १९७२ मध्ये पहिली कंटेनर बोट लागली होती. आता तिथलं कंटेनरचं काम २०१७ मध्ये हललंय आणि सगळं बंदरच हळूहळू पश्चिमेला तुआसकडे जातंय. आत जायला आपल्याला परवानगी नाही. मी म्हटलं, “बाबा, तिथे बघण्यासारखं काही नाही. नुसत्या क्रेन.” ते “बरं” म्हणाले. मीही ‘युनिव्हर्सल स्टुडिओ’समोर टिक करून मोकळी झाले.

चांगीला उतरलो तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, आणि सूर्य बाराही महिने साधारण सातलाच उगवतो, सातलाच मावळतो. बेल्टवर उभे राहिलो. बॅगा येत गेल्या, लोक जात राहिले. शेवटी बेल्ट थांबला आणि आमच्या दोन्ही मोठ्या बॅगा काही आल्या नाहीत. काउंटरवरच्या मुलीने फार गोड हसून तक्रारीचा नंबर दिला. बॅगा मुंबईतच राहिल्यात, पुढच्या फ्लाइटने येतील, उद्या रात्रीपर्यंत हॉटेलवर पोहोचवू. आई म्हणाली, “मग टॅक्सी कशाला? सामानच नाही.” आम्ही मेट्रोने गेलो. एक्स्पो स्टेशनला गाडी बदलली, थेट लिटिल इंडियात उतरलो. ट्रिपमधली पहिली बचत!

माझं हसू हॉटेलच्या रूममध्ये गेल्यावर थांबलं. आईने विचारलं, “माझ्या गोळ्या?”

आईच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या. तिने त्या पर्समध्येच ठेवल्या होत्या. आदल्या रात्री ‘पर्स जड होते’ म्हणून मीच काढून बॅगेत टाकल्या होत्या. शीटमध्ये मर्लायनच्या फोटोची मिनिटं होती, पण आईच्या सकाळच्या गोळीचा रकाना नव्हता.

खाली मेडिकलमध्ये गेले तर कळलं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बीपीची गोळी मिळणार नाही. मुंबईत आपल्याला नाक्यावरचा केमिस्ट रिकामं पाकीट बघूनही देतो. दोन गल्ल्या सोडून एक क्लिनिक सापडलं. डॉक्टरीण बाईंनी बीपी घेतलं. वाढलेलं होतं. रात्रभर जागरण, वर हे टेन्शन. “आधीचं प्रिस्क्रिप्शन आहे?” मी फोनमध्ये फोटो शोधायला लागले. बाबांनी शर्टाच्या खिशातून चौपदरी घडीचा कागद काढला. झेरॉक्स. मागे त्यांच्या वळणदार अक्षरात गोळ्यांची नावं, वेळा आणि शिल्लक किती तेही. टॅली क्लार्क!

तिथे डॉक्टर गोळ्या लिहूनही देतात आणि क्लिनिकमधूनच हातातही देतात. बिल बघून माझ्याच बीपीची काळजी वाटायला लागली. निघताना त्या म्हणाल्या, “आज उन्हात फिरू नका. झोपा.”

आई झोपली. बाबा खुर्चीत बसून राहिले. मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्या दिवसाच्या सात ओळी एकेक करत पुसल्या. खरं सांगते, रडूच आलं. एवढे पैसे, एवढा खटाटोप, आणि दाखवून काय दिलं? बाबा काही बोलले नाहीत. ‘सांगत होतो’ हेसुद्धा नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

संध्याकाळी आई ताजीतवानी उठली आणि म्हणाली, “भूक लागलीय.” सेरंगून रोडवर कोमल विलास आहे, १९४७ पासूनचं. डोसा आला तो हातभर. शेजारी मोगऱ्याचे गजरे, अगरबत्तीचा वास, तमिळ गाणी. आई म्हणाली, “माटुंग्याला यायला पासपोर्ट कशाला लागला गं?” मग मुस्तफामध्ये एका रात्रीपुरते कपडे घेतले. आईने तिघांसाठी टी-शर्ट निवडले, त्यांवर तोच मर्लायन. फोटोचं कामच उरलं नाही. पावणेनऊला गार्डन्स बाय द बेमध्ये लोखंडी झाडांचा लाइट शो असतो, फुकट. लोक जमिनीवर आडवे पडून बघत होते. आम्हीही पडलो. बाबा आयुष्यात पहिल्यांदा परदेशात जमिनीवर आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लायन झाला. पाऊस आला आणि युनिव्हर्सल गेलं. दुपारी चारला पाऊस थांबला आणि हातात काहीच नव्हतं. न चालता, वाऱ्यावर बसता येईल अशी जागा मी शोधत होते, म्हणून मरीना बराज निघालं. समुद्र आणि खाडीच्या तोंडावर बांधलेलं धरण, २००८ मध्ये सुरू झालेलं. आतलं पाणी गोडं, बाहेरचं खारं, मध्ये नऊ पोलादी दरवाजे. बाबा दरवाज्यांपाशीच थांबले. “आपल्याकडे इंदिरा डॉकला लॉक गेट आहे, त्याचीच ही श्रीमंत बहीण,” असं म्हणून आईला भरती-ओहोटीचं गणित समजावायला लागले. आईने ते तीस वर्षांपूर्वीही ऐकलं असणार.

बराजच्या छतावर हिरवळ आहे. लोक पतंग उडवतात. एका बाजूला सिंगापूरच्या टोलेजंग बिल्डिंगा, सगळे तिकडेच तोंड करून सेल्फी काढत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाठ केली. दुसऱ्या बाजूला समुद्र होता, आणि समुद्रात बोटी. दहा-वीस नव्हेत, नजर जाईल तिथपर्यंत.

“अँकरेज,” बाबा म्हणाले. एवढंच. आणि मग तासभर थांबलेच नाहीत.

“ती बघ, खालचा लाल पट्टा दिसतोय ना पाण्याच्या वर? रिकामी आहे. माल भरला की तो पाण्याखाली जातो. तिच्या पलीकडची भरलेली आहे, बसलीय बघ कशी. ती टँकर, मधे पाइप दिसतायत. ही बल्क. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला का? नांगर पुढे असतो, प्रवाह फिरवतो. तासा-दोन तासांनी प्रवाह बदलला की सगळ्या वळतील.”

बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. घरी ते ऐकणारे. आणि मी पत्रकार असून त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. मी विचारलं, “पण या सगळ्या थांबल्यात कशाला?”

“कुणी तेल घ्यायला, कुणी ऑर्डरसाठी, कुणी बर्थसाठी. नंबर लागला की आत. कधी दिवस जातात.” मग समुद्राकडेच बघत म्हणाले, “तुझे पैसे किती दिवसांनी येतात?”

मला कळेना हे कुठून आलं. “साठ दिवस. काही लोक नव्वद लावतात.”

“म्हणजे तूपण बाहेर उभी असतेस.”

“हो.”

“उभ्या बोटीचाही खर्च चालू असतो,” बाबा म्हणाले. “पण तिला कोणी बेकार म्हणत नाही.”

मी पतंगांकडे बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघणं शक्य नव्हतं. आईने पर्समधून चिवडा काढला. तो मात्र तिने मोठ्या बॅगेत जाऊ दिला नव्हता.

बॅगा त्या रात्री दहाला हॉटेलवर आल्या. माझ्या मूळच्या प्लॅनप्रमाणे आम्ही तेव्हा पेनांगच्या वाटेवर असतो आणि बॅगा, गोळ्यांसकट, सिंगापुरात. त्या रात्री मला बोटीआधीच्या मुक्कामाचा खरा अर्थ कळला. ती ट्रिप नसते, ते मार्जिन असतं. त्यात एखादं-दुसरं ठिकाण दिसलं तर बोनस. तुम्हीही कधी असं ठरवत असाल तर एक रात्र नक्की आधी जा, वडीलधारे बरोबर असतील तर दोन. गोळ्या, पासपोर्ट आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत. व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते बघा, कारण बोट परत येते तेव्हा तुम्ही सिंगापुरात पुन्हा नव्याने शिरता, आणि तिथलं ऑनलाइन अरायव्हल कार्डही पुन्हा भरावं लागतं. शीट हवी तर करा. फक्त एक अख्खी दुपार कोरी ठेवा, आणि ती कुठे घालवायची हे बरोबरच्या माणसाला विचारा.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीने मरीना बे क्रूझ सेंटरला गेलो. बाहेर पांढरीशुभ्र, दहा-बारा मजली बोट. आईने नकळत हात जोडले. सामान द्यायच्या काउंटरवर केबिन नंबरची लेबलं लावायची होती. बाबांनी माझ्याकडे पेन मागितलं. मी पर्समधला कागद दिला, तो नेमका ‘सिंगापूर_फायनल_३’चा प्रिंटआउट. त्यांनी तो उलटा केला. एकेका बॅगेला हात लावत चार उभ्या रेघा ओढल्या.

“चार. बरोबर.” खाली सही केली. मग जरा थांबून पेन माझ्यापुढे धरलं.

“तूपण कर. पार्टी तू आहेस.”