अठ्ठावन्नाव्या सेकंदाला फोन ठेवणारी माणसं

मिनिटाचे सेकंद साठ, हे शाळेत शिकलो होतो. ते अंगात मुरवलं मोबाइलने. तेव्हा पल्स साठ सेकंदांची असे. एकसष्टावा सेकंद लागला की दुसऱ्या मिनिटाचे पूर्ण पैसे कापले जायचे. म्हणून बोलता बोलता फोन कानापासून लांब धरून पडद्यावरचे सेकंद बघायचे, पन्नास उलटले की ‘बरं, ठेवतो’ म्हणायचं आणि अठ्ठावन्नला लाल बटण दाबायचं. वाक्य अर्धं राहिलं तरी पलीकडचा रागवत नसे, कारण तोही घड्याळच बघत असायचा. लगेच पडद्यावर हिशेब उमटे: या कॉलचे इतके गेले, इतके उरले.

आजच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. हसू द्यावं. फोनचा महिन्याचा खर्च कमी करणं हा तेव्हा घरोघरचा कारभार होता आणि त्यात घरातला प्रत्येकजण तरबेज होता.

त्याची सुरुवात मोबाइलच्याही आधीची. एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून सगळी महत्त्वाची बोलणी अकरानंतर व्हायची. बारशाची बातमी असो की सोयरिकीचा होकार, पिवळ्या पाटीखाली रांगेत उभं राहून, मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून ती कळवायची. शेवटी हातात छापील चिठ्ठी यायची.

३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हाचा दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जायचा, आणि तो येणाऱ्या फोनलाही लागायचा. म्हणजे समोरच्याने गप्पा मारायला फोन केला, तरी भुर्दंड दोघांना. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएलचे फोन कमरेला लावून फिरणारी माणसं आधी रुबाबदार वाटायची, मग कळायचं की फोन वाजला की ती नंबर बघतात, कट करतात आणि रुपयाचं नाणं शोधत कोपऱ्यावरच्या डब्याकडे जातात. शिवाय मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा दुसरं. पनवेल मागे पडलं की मुंबईकराचा फोन परमुलखात जायचा, रोमिंग सुरू व्हायचं. पुण्याला निघालेले लोक फोन बंद करून खिशात ठेवत आणि परतीच्या वाटेवर चालू करत.

१ मे २००३पासून येणारे फोन फुकट झाले, आणि मिसकॉलचं राज्य आलं. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो, लागोपाठ तीनदा म्हणजे काहीतरी बिनसलंय, ताबडतोब फोन कर. वडापवाला चौकात आला की मिसकॉल, दूधवाला फाटकाशी आला की मिसकॉल, क्लास सुटला की मुलीचा बापाला मिसकॉल. एक पैसा खर्च न होता अख्खं गाव एकमेकांशी बोलत होतं आणि कंपन्या हात चोळत होत्या. याचेही मानपान होते. मिसकॉल धाकट्याने द्यायचा, फोन थोरल्याने करायचा. कॉलेजातल्या मुलाने काकाला दिला तर चाले. नोकरीला लागल्यावर दिला तर आईला टोमणा ऐकावा लागे. जावयाने सासऱ्याला मिसकॉल दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट मात्र होत असे.

एसएमएसचं शास्त्र वेगळं. महिन्याचा पॅक घेतला की संदेश जवळजवळ फुकट, पण दिवाळी आणि ३१ डिसेंबरला तो पॅक बरोब्बर निकामी व्हायचा. त्या दिवशी शुभेच्छा पाठवल्या तर संदेशामागे रुपया. म्हणून आमच्याकडे दिवाळीच्या शुभेच्छा वसुबारसेच्याही आधी पोहोचायच्या आणि नवं वर्ष ३० डिसेंबरलाच सुरू व्हायचं.

ते दिवस स्वस्ताईचे होते, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. दहा रुपयांचं रिचार्ज मारलं की कर आणि प्रोसेसिंग फी वजा जाऊन टॉकटाइम सातच्या आसपास हाती यायचा. ‘फुल टॉकटाइम’ची पाटी लागली की दुकानापुढे गर्दी व्हायची ती त्यामुळेच. रेट कटर नावाचं एक वेगळं व्हाउचर होतं: आधी पैसे भरा, म्हणजे पुढे बोलणं स्वस्त पडेल. एका कंपनीने मी न मागता ज्योतिषाची सेवा सुरू केली आणि शिल्लक रक्कम रोज थोडी थोडी खाल्ली. ते होणार असल्याचं भविष्य मात्र त्या सेवेने सांगितलं नाही.

२००६च्या मार्चमध्ये बीएसएनएलने ‘वन इंडिया’ आणलं, एका रुपयात देशभर एक मिनिट. २००९मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला, मग इतरांनाही तेच करावं लागलं, आणि अठ्ठावन्नाव्या सेकंदाची आमची विद्या एका रात्रीत निरुपयोगी ठरली. मग दोन सिमचे हँडसेट आले. एक सिम सगळ्यांना दिलेल्या जुन्या नंबरचं, त्यावर फक्त फोन घ्यायचे; दुसरं ज्या कंपनीचा दर कमी तिचं, त्यावरून करायचे. २००५च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ व्हॅलिडिटी मिळू लागली होती, ती अशा पहिल्या सिमवर टाकून लोक निश्चिंत झाले. कुणाची लाइफटाइम, हे बारीक अक्षरात होतं: कंपनीच्या परवान्याची. मुंबईत बीपीएलची लूप झाली आणि २०१४च्या नोव्हेंबरात परवाना संपून ती बंदच पडली. हच, आयडिया, डोकोमो, एअरसेल, युनिनॉर ही नावं आता आठवणीतच उरली आहेत.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि बोलण्याचा दरच नाहीसा झाला. आनंद कुणाला झाला नाही? पण २०१८च्या अखेरीस इतर कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांची अट घातली. रिचार्ज नाही तर येणारे फोनही बंद. तिथे मिसकॉलवाल्यांचा धंदा बसला. आज महिनाभर कुणाशी अवाक्षर न बोलणारा आणि दिवसभर फोनवर असणारा, दोघे सारखेच पैसे भरतात. पूर्वी तोंड आवरलं की पैसे वाचत. आता कितीही आवरा, बिल तेवढंच. काटकसरी माणसावर हा सरळ अन्याय आहे, असं माझं मत आहे.

त्यात महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून वर्षात रिचार्ज तेरा. जुलै २०२४मध्ये दर वाढले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा २३९चा प्लॅन २९९ झाला. तेराने गुणा, ३,८८७ रुपये. घरात चार फोन असतील तर साडेपंधरा हजार. आणि गंमत अशी की त्याच घरात बहुधा वाय-फाय असतं. म्हणजे इंटरनेटचे पैसे दोनदा जातात, आणि रोजचा दीड जीबी मध्यरात्री वापराविना संपतो. एकेकाळी रात्री अकराला आमची स्वस्ताई सुरू व्हायची. आता बाराला पैसे भरून घेतलेला माल नासतो.

तरी वाट अगदीच बंद नाही. २०२२च्या जानेवारीत दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवायला लावलं. डिसेंबर २०२४मध्ये त्याहून कामाचा आदेश निघाला: फक्त बोलणं आणि एसएमएस, डेटा नाही, अशी व्हाउचर द्या. त्यानुसार जिओने १,७४८ रुपयांत ३३६ दिवसांचं व्हाउचर आणलं. तेवढ्याच दिवसांना २९९चे बारा रिचार्ज लागतात, ते ३,५८८चे. आकडे पुढेमागे बदलतील, पण तफावत निम्म्याच्या आसपासची आहे. असे प्लॅन कंपन्यांच्या अ‍ॅपवर पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत; खाली सरकत जावं लागतं. दुकानदारही आपणहून सांगत नाही, प्लॅनचं नाव घेऊन मागावं लागतं.

तेव्हा गावाकडच्या आईवडिलांचा, आत्याचा, मावशीचा रिचार्ज तुम्ही इथून करत असाल, तर पुढच्या खेपेला बोटाच्या सवयीने जुनाच प्लॅन दाबू नका. त्यांच्या फोनवर गेल्या महिन्यात डेटा किती वापरला गेला ते सेटिंगमध्ये आधी पाहा. नसेलच वापरला, तर वर्षभराचं बोलण्यापुरतं व्हाउचर एकदाच टाका. आणि घरात वाय-फाय असेल तर स्वतःच्या फोनचाही हिशेब त्याच बैठकीत करून टाका.